गुरुवारचे बांगडे

"काल तुझा मोठा आलेला. बांगडे घेऊन गेला," मालन म्हणाली, आणि मांदेलीच्या वाट्याकडे गेलेला कुंदाचा हात तिथेच थांबला. काल गुरुवार होता. कुंदाच्या घरी गुरुवार पाळतात. त्या दिवशी घरात मासा शिजत नाही आणि काल शिजलाही नव्हता. काल संध्याकाळी तिघांनी मुगाची उसळ आणि भात खाल्ला होता, मोठ्या देवव्रतने तर दुसऱ्यांदा भात वाढून घेतला होता. मालन मनोरीची कोळीण. तरीतून खाडी ओलांडून मार्वेला यायचं आणि तिथून टोपली घेऊन चारकोपच्या बाजारात, हा तिचा वर्षानुवर्षांचा रिवाज. कुणाच्या घरी सोमवार, कुणाची संकष्टी, कुणाचा श्रावण कडक आणि कुणाचा नुसता नावाला, हे तिला त्या त्या घरच्या माणसांपेक्षा जास्त ठाऊक. धंदाच तसा. "म्हणून मी विचारलं त्याला," मालन कोयत्यावरचं पाणी निपटत म्हणाली, "म्हटलं, आज गुरुवार ना रे तुमचा? तर नुसता हसला. साफ करून देते म्हटलं, तर नको म्हणाला. अख्खेच दे, डोक्यांसकट दे. आता तुझ्याकडे डोकी कोण खातं गं बाय?" कुंदा म्हणाली, "मित्राकडे असेल काहीतरी." थाप इतकी पटकन आली की तिचं तिलाच नवल वाटलं. तिने मांदेली घेतली, नेहमीसारखा एक वाटा वरून मागून घेतला आणि ती बाजाराबाहेर पडली.

गुरुवारी आई बाजारात फिरकत नाही, म्हणून त्याने गुरुवार निवडला. हे तिला पहिल्या दहा पावलांतच कळलं. चांगला शिकलेला, विलेपार्ल्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेला मुलगा, आणि चूक करावी ती अशी. आई गुरुवारी बाजारात नसते, पण आईचा गुरुवार बाजाराला माहीत असतो, एवढं साधं त्याच्या डोक्यात आलं नाही. तिला थोडं हसूच आलं. कारखान्यात ती तपासणीला आहे. औषधांच्या बाटल्यांवर चिकटणाऱ्या लेबलांचे पट्टे दिवसभर तिच्या डोळ्यांखालून जातात, आणि एखादं अक्षर पुसट दिसलं, रेघ सरकलेली दिसली, की बोट आपोआप तिथे जातं. घरीही ते बोट थांबत नाही. मुलांच्या बाबतीत तर नाहीच. पण गेल्या कित्येक महिन्यांत त्या बोटाला देवव्रतवर जागा सापडली नव्हती, आणि ती सापडली नाही याचा तिला मनातून केवढा आनंद होता ते आता, ती सापडल्यावर, तिच्या लक्षात आलं. मग तिला वाटलं, मुलगी असेल. असणारच. त्याच्या वर्गातली ती श्वेता, एकदा घरी येऊन सोलकढीचे दोन पेले पिऊन गेलेली. तिच्या घरी कुणी नसेल आणि आपला शहाणा तिला बांगडे करून घालायला गेला असेल. कुंदाला राग यायला हवा होता, पण आला तो उलटाच काहीतरी. मुलीला हॉटेलात नेणारे मुलगे पुष्कळ असतात, बांगडे साफ करून त्यांचं घट्ट रश्शाचं तिखलं रांधून घालणारा तिचाच. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला, तो चक्क खुशीत होता.

पण डोकी. श्वेता कशाला खाईल बांगड्याची डोकी? आजकालच्या मुली काट्याला भितात. देवव्रत खात नाही, प्रीतम खात नाही, कुंदाने जन्मात कधी खाल्ली नाहीत. घरी बांगडे आणले की डोकी मालनच्या पाटाखालच्या मांजरांची. त्या घरात डोकी खाणारा एकच माणूस होऊन गेला. तो ताटात शेवटी डोकंच ठेवायचा, मग मांडी नीट घालून, बाहीची घडी वर सरकवून, ते दोन बोटांनी उघडायचा, आणि एकेक हाड चोखून ताटाच्या कडेला ओळीने लावायचा. तेवढा वेळ घरात कुणी मेलं असतं तरी त्याला कळलं नसतं. लग्न झाल्यावर पहिली काही वर्षं कुंदा त्याच्यासमोर बसून ते बघत राहायची. आयुष्यात अनंताने पूर्ण लक्ष देऊन केलेली तेवढी एकच गोष्ट, असं ती पुढे रागाने म्हणायला लागली. पण तेव्हा तिला ते आवडायचं, हेही खरं. ती चालता चालता थांबली. मेट्रोच्या खांबाखाली रिक्षावाला कुणाशी तरी वाद घालत होता, तिला तो दिसत होता आणि ऐकू येत नव्हता. अनंत. देवव्रत अनंताकडे गेला होता. अनंत आता बोरिवलीला, गोराईच्या बाजूला खोली घेऊन एकटाच राहतो, हे तिला दिवाळीत अनुपमाने सांगितलं होतं. अनुपमा तिची नणंद; नातं तुटलं तरी फराळाचा डबा न तुटू देणारी. अनंत ज्याच्याकडे राहायचा तो मुलुंडचा भाऊ जागा विकून लेकीकडे पुण्याला गेला आणि अनंत मागे राहिला, असं ती म्हणाली होती. कुंदाने चकलीचा डबा हातात घेत म्हटलं होतं, "बरं." तेवढंच.

अनंत गेला त्याला नऊ वर्षं झाली. कुणा बाईसाठी गेला नव्हता, दारू नव्हती, हात उचलला नव्हता. लोकांना सांगायला सोपं असं एकही कारण त्याने मागे ठेवलं नाही. एका भांडणानंतर तो चार दिवस भावाकडे मुलुंडला गेला, आणि तिथे वहिनी गरम पोळी ताटात टाकते म्हटल्यावर ते चार दिवस लांबत गेले. पहिली दोन-तीन वर्षं गणपतीत यायचा, मुलांना बागेत न्यायचा, फुगे घेऊन द्यायचा. मग तेही विरळ झालं. कुंदाला विचाराल तर तो त्याच्याही आधी गेला होता, तिच्या काविळीत. ती अंथरुणाला खिळलेली, डोळे हळदीसारखे, उठून बसली की खोली फिरायची. देवव्रत दहा वर्षांचा, प्रीतम पाचाचा. आणि अनंत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभा, परक्याच्या दारात उभं राहावं तसा. "पाणी उकळलं, हे कसं समजतं गं?" त्याने तिथूनच विचारलं होतं. थट्टा नव्हती, खरंच विचारत होता. त्याच्या आईच्या घरी पुरुष उंबऱ्याच्या आत यायचे नाहीत. गिरणीतून थकून आलेल्या बापाला पाट मांडून वाढलेलं त्याने पाहिलेलं, बापाने कधी चमचा शोधलेला पाहिला नव्हता. दिवसामागून दिवस मुलं वडापाव आणि भुर्जीपावावर राहिली. प्रीतमला उलट्या झाल्या आणि त्या पुसायचं फडकं कुठलं हे विचारायला अनंत पुन्हा तिच्या उशाशी आला, तेव्हा कुंदा भिंतीकडे तोंड करून रडली. कावीळ बरी झाली. पण माझे मुलगे असे होणार नाहीत, हे तिने त्या भिंतीशी बोलून घेतलं होतं.

म्हणून तिने शिकवलं. शिकवणं म्हणजे नुसतं "ये, बघ" नव्हे. ती मुलांना ओट्याशी उभं करायची, देवव्रतच्या पायाखाली पाट, आणि स्वतः दोन हात पाठीमागे घट्ट धरून बाजूला राहायची. हात मोकळे ठेवले तर ते आपणहून पुढे जायचे, म्हणून ते बांधावे लागायचे. सांगायचं तोंडाने, करायचं त्यांनी. भात करपला तर करपू दे. कालवण खारट झालं तर होऊ दे. झालेलं पहिलं ताट तिचं. ती सगळं खायची, शेवटच्या घासापर्यंत, आणि मग कुठे काय चुकलं ते एकेक सांगायची, कौतुकाचा शब्द न काढता. पहिल्यांदा मासा साफ करताना देवव्रतने सुरी आपटली होती. "मला नाही करायचं. मालनमावशी देते ना करून." कुंदा म्हणाली होती, "मालनमावशी तुझ्याबरोबर जन्मभर येणार आहे का?" त्याने नाक वर ओढत सुरी उचलली, कल्ले ओढून काढले, पोट फाडलं आणि मीठ लावून धुतलं, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हात चाललेत. सासू तेव्हा गावाहून आली होती, ती दारातून म्हणाली, "झिलांका कित्याक गो ह्या सगळा? उद्या लोक हसतले." कुंदा म्हणाली, "हसूदे. उपाशी तर राहणार नाहीत."

लोक हसले नाहीत. निदान फार दिवस नाहीत. शेजारच्या शर्मिष्ठाचा नवरा बाहेरगावी असताना तिला ताप भरला, तेव्हा प्रीतम पेजेचं पातेलं घेऊन गेला, सोबत लोणच्याची फोड आणि भाजलेला पापड, न सांगता. शर्मिष्ठा ते अजून बिल्डिंगभर सांगते. "तुझे मुलगे म्हणजे ना कुंदा, मला एक दे उसना." कुंदा म्हणते, "कसले गं, ओटा पुसायचा कुणी त्यांच्या मागून?" आणि ओटा पुसलेला असतो, फडकं पिळून वाळत घातलेलं असतं. मुलांचं कौतुक ती तोंडाने करत नाही, नजर लागते, आणि शिवाय करायची गरज काय? ते दोघे रस्त्याने समोरून येताना दिसले, एक तिच्या डोक्याच्या वर गेलेला आणि दुसरा जाण्याच्या बेतात, की कुंदाची मान आपोआप ताठ होते आणि पिशवी कितीही जड असली तरी ती हात बदलत नाही. हे मी केलंय, असं तिला भर रस्त्यात ओरडून सांगावंसं वाटतं. एकटीने केलंय. तेव्हा मग ती त्यांना म्हणते, "केस कापा रे, भिकाऱ्यासारखे दिसता."

आणि आता तिने घडवलेलं ते सगळं बोरिवलीला जाऊन त्या माणसाच्या ताटात पडत होतं. सोसायटीच्या फाटकाशी पोहोचेपर्यंत तिच्या डोळ्यांपुढे चित्र पुरतं उभं राहिलं होतं. अनंत पाटावर बसलाय, बाहीची घडी वर सरकवतोय, आणि देवव्रत शेगडीशी उभा, कपाळावर घाम, गरम तिखलं वाढतोय. आधी आई, मग बायको, मग वहिनी, आणि आता मुलगा. वाढणारं माणूस बदललं, जेवणारा तसाच. तिने फाटक आपटून लावलं. त्या रागाच्या खाली मात्र दुसरंच होतं, आणि ते तिने जिना चढता चढता स्वतःशी कबूल केलं. भीती. अनंत मुलांना घेऊन जाईल ही भीती तिला पूर्वी कधी वाटली नाही. रात्री उठून पाणी मागणारी, शाळेचा डबा लागणारी मुलं त्याला नकोच असणार, हे ठाऊक होतं. पण आता मुलं वाढलेली होती. आता त्यांच्यासाठी काही करावं लागत नव्हतं, उलट मुलंच करून घालत होती. अशी तयार मुलं कुणाला नको असतील? आणि मुलांना बाप हवा असला तर? एक मुलगा तिकडे वळला की दुसरा वळायला किती वेळ लागतो? नऊ वर्षं तिने मुलांना वाईट शब्दाने बापाबद्दल काही सांगितलं नव्हतं, आणि त्या गप्प राहण्याचाही तिला अभिमान होता. आज तिला वाटलं, सांगायला हवं होतं.

दार प्रीतमने उघडलं. आवाज नुकताच फुटलेला, ओठांवर मिसरूड, खांद्यावर फडकं. त्याने कुकर लावला होता आणि तो नारळ खवत होता, पिशवीत डोकावून म्हणाला, "मांदेली? मस्त. रव्यात तळू? साफ करायची कुणी, मी की दादा?" कुंदाने चप्पल काढली, पाय धुतले, पदर खोचला. तिने ठरवलं होतं देवव्रत येईपर्यंत काही विचारायचं नाही. ते ठरवणं स्वयंपाकघरापर्यंत टिकलं. "दादा काल कॉलेजनंतर कुठे होता रे?" खवणीचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला. "दादाला विचार ना."

"तुला माहीत आहे म्हणजे."

"दादाला विचार, आई," प्रीतम वर न बघता म्हणाला. "मी कशाला सांगू त्याचं?" कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण हात सावकाश, नीट फिरत होता, करवंटीचा काळा कीस खोबऱ्यात येऊ न देता. म्हणजे दोघांनी मिळून. तिच्या घरात, तिच्या पाठीमागे, दोघांनी. कुंदाला संताप आला, आणि त्या संतापातच तिला हेही दिसलं की हा पंधरा वर्षांचा पोर आईच्या नजरेला नजर न देता का होईना, भावाला उघडं पाडत नाही. मारलं असतं तरी पाडलं नसतं. असली भावंडं हल्ली कुठे असतात? तिला तिच्याच मनाचा वैताग आला. भांडायला उभं राहावं तर ते मधूनच मुलांच्या बाजूला जाऊन बसत होतं. तिने ताट पुढे ओढलं आणि मांदेली स्वतःच साफ करायला घेतली. छोटे छोटे, चांदीच्या पाण्यात सोनं मिसळल्यासारखे मासे. एकेकाचं डोकं चिमटीने मोडायचं आणि त्याबरोबर पोट ओढून काढायचं. डोकी एका बाजूला साठत गेली. ती त्यांच्याकडे बघेना.

देवव्रत आला तो नेहमीसारखा, दारातूनच "काय आहे आज?" म्हणत. बॅग खुंटीला, बूट बाल्कनीत, आणि हात धुवून थेट ओट्याशी. आईच्या हाताखालचं ताट बघून तो म्हणाला, "अगं दे, मी करतो." कुंदा बाजूला झाली नाही. ती म्हणाली, "मालन विचारत होती, कालचे बांगडे कसे होते." प्रीतमने खवणी उचलली आणि ती धुवायच्या निमित्ताने मोरीकडे गेला. नाकारण्याचा विचार देवव्रतच्या चेहऱ्यावर येऊन गेलेला तिने पाहिला, आणि तो गेलेलाही पाहिला.

"बाबांकडे गेलो होतो," तो म्हणाला. "वाट लागली ना, मालनमावशीचं लक्षातच नाही आलं माझ्या."

"कधीपासून?"

"दसऱ्यानंतर. त्यांचा फोन आला होता. म्हणजे, अनुपमाआत्याने नंबर दिला त्यांना. सहज केलेला, म्हणाले. मी गेलो एकदा बघायला." तो ओट्याला टेकला. "काय अवस्था होती आई. गॅस आहे, शेगडी आहे, कुकर नवीन, खोक्यात. आणि खातात काय, तर खारी आणि चहा. चहा पण खालच्या टपरीचा. आणि सकाळ-संध्याकाळ हॉटेलचं तेलकट. पित्ताने हैराण. डॉक्टर म्हणाला घरचं खा. घरचं म्हणजे कुणाच्या घरचं, असं त्यांनी मला विचारलं. खरंच विचारलं. मस्करी नव्हती."

कुंदाला तो प्रश्न आणि तो आवाज दोन्ही ओळखीचे होते. तिने एक मांदेली उचलली आणि तशीच धरून ठेवली. "मग तू करून घालायला लागलास," ती म्हणाली. "दर गुरुवारी. मला चुकवून."

"सांगणार होतो."

"ते नंतर. आधी हे सांग. मी एवढी वर्षं तुम्हाला याच्यासाठी शिकवलं का? त्यांनी बसायचं आणि माझ्या मुलाने वाढायचं?" नळ बंद झाला. मोरीत प्रीतम कान देऊन उभा आहे, हे तिला कळलं. आवाज चढला होता, चढू दे. "डोक्यांसकट घेऊन जातोस. त्यांच्या आवडीनिवडी पण तुला पाठ झाल्या."

देवव्रतने तिच्याकडे पाहिलं आणि त्याच्या कपाळावर आठी पडली, गणित चुकलेल्या माणसाने वहीत पुन्हा बघावं तशी. "तू काय समजतेयस? मी कुठे करून घालतो? मी हातसुद्धा लावत नाही."

"मग बांगडे काय आपणहून शिजले?"

"त्यांनी केले. अख्खे म्हणूनच घेतले ना. साफ करण्यापासून सगळं त्यांनी. मी नुसता बाजूला उभा." त्याने हात पाठीमागे नेले आणि एकात एक गुंतवून दाखवले. ते त्याने मुद्दाम केलं नव्हतं, बोलता बोलता हात तिकडे गेले होते. "पहिल्या वेळी तर भातच. पाणी किती घालायचं विचारत होते, मी म्हटलं, बोट बुडवा आणि बघा. चिडले माझ्यावर. बापाला शिकवतोस का, म्हणाले. मी म्हटलं, हो. काल कल्ले काढताना बोट कापलं. बसून राहिले थोडा वेळ. म्हणाले, जा घेऊन, मला नको. मी काही बोललो नाही, उभाच राहिलो. मग उठले."

"आणि तू खाल्लंस?"

"खाल्लं ना. पहिलं ताट माझं. आणि काय काय चुकलं ते सगळं सांगितलं." तो थोडा हसला. "भयंकर होतं. म्हणून तर घरी येऊन पुन्हा जेवलो."

कुंदा हातातली मांदेली ताटात ठेवायला विसरली होती. अनंत शेगडीशी उभा आहे, साठीकडे झुकलेला, बोटाला फडकं गुंडाळलेलं, आणि त्याच्या बाजूला हा उभा, हात मागे बांधून. तिला हे चित्र जमवता येईना. मघाचं चित्र किती पटकन जमलं होतं. पण एक प्रश्न अजून जागेवर होता, आणि तो विचारल्याशिवाय तिला राहवेना. "मग आता तिकडेच राहायला जाणार का तू?"

"कशाला?" देवव्रतला खरंच कळलं नाही. "अगं, त्यांना यायला लागलंय ना आता. अजून दोन-तीन भाज्या, एखादी डाळ, झालं. करून देत बसलो असतो तर रोज जावं लागलं असतं."

तो हे इतकं सरळ बोलून गेला, आणि ताट स्वतःकडे ओढून उरलेली मांदेली साफ करायला लागला. कुंदा बाजूला झाली. भुकेसाठी म्हणून तिने मुलांना शिकवलं होतं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. ज्याला शिकवलं तो सुटतो आणि शिकवणाराही सुटतो, हे तिने कधी असं मांडून पाहिलं नव्हतं. विसाव्या वर्षी त्याने ते पाहिलं होतं. बापाला उपाशी ठेवायचं नाही आणि बापाला आयुष्यभर ताट वाढणारेही आपण व्हायचं नाही, ही वाट त्याला कुणी दाखवली नव्हती. नाही, तिनेच दाखवली होती, तिला न कळता. आणि मग याच हिशेबाने हे दोघे तिच्यापासूनही कधीचेच मोकळे होते. उद्या निघून गेले तरी त्यांचं कुठे अडणार नव्हतं. भातासाठी म्हणून या घरात कुणी राहत नव्हतं. राहत होते ते राहावंसं वाटतं म्हणून. हे कळलं तेव्हा छातीत एकदम रिकामं झालं, आणि त्या रिकाम्या जागेत अभिमान भरून आला. असा मुलगा माझा आहे. माझ्या पोटचा, माझ्या हाताखालचा. तिने त्याच्या पाठीकडे पाहिलं, शर्ट खांद्यांत ताणलेला, आणि तिला त्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. भीती गेली नव्हती. ती थोडी सरकून बसली होती, इतकंच.

प्रीतम मोरीच्या दारात आला. "आई, एक सांगू? मलाही जायचंय एकदा. बघायला. पण तुला विचारल्याशिवाय नाही, असं मी दादाला पहिल्यापासून सांगितलेलं."

"माझी ना आहे असं कुणी सांगितलं तुला?" कुंदा म्हणाली. "वडील आहेत तुझे." हा शब्द या घरात पुष्कळ दिवसांनी उच्चारला गेला होता, आणि तो तिनेच उच्चारला होता. कुकरची शिट्टी झाली, प्रीतमने जाऊन गॅस बारीक केला, आणि मग भावाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहत त्याने हळूच विचारलं, "कसं करतात रे, खरं खरं?"

"बेकार, यार," देवव्रत म्हणाला. "तिखल्यात एवढं पाणी, की बांगडे पोहून खाडीत परत जातील असं वाटत होतं. आणि मला विचारतात, बरं झालंय ना?" प्रीतमला हसू फुटलं. त्याच्या फुटलेल्या आवाजातलं ते हसू वर-खाली होत घरभर गेलं, देवव्रतलाही आवरेना. माशाचे हात अधांतरी धरून तो ओट्यावर वाकून हसत राहिला.

"हसताय काय?" कुंदा म्हणाली. "पहिल्यांदा सगळ्यांचंच तसं होतं."

दोघंही थांबले आणि तिच्याकडे बघायला लागले. आपण कुणाची बाजू घेतली हे तिला त्यांच्या बघण्यावरून कळलं. शब्द परत घेता आले असते. तिने ते घेतले नाहीत. तिने रव्याचा डबा खाली काढला, झाकण उघडलं, आणि त्यात बघत, दोघांपैकी नेमकं कुणाला ते न सांगता म्हणाली, "पाणी आधी ओतायचं नाही. वाटण शिजू द्यायचं, मग लागेल तेवढंच घालायचं. म्हणावं त्यांना."